मजुरीला शासनाचा हातभार : बेकारी निवारणाचा एक मार्ग

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडकडे व पुढे अजिंठ्याकडे जाणारा रस्ता हर्सूल आणि सावंगी मागे टाकतो, चौक्याचा घाट ओलांडतो आणि फुलंब्रीस येऊन मिळतो. अंतर फारसे नाही. एस.टी.ने निघालेला माणूस तासाभरात पोहोचतो. या रस्त्याच्या दुतर्फा कापूस, मका आणि पाण्याची सोय असेल तेथे आले अशी पिके दिसतात. सकाळच्या वेळी मात्र रस्त्यावरची वर्दळ उलट्या दिशेने असते. मोटारसायकली, काळीपिवळी जीपगाड्या आणि एस.टी. बसगाड्या तरुणांना घेऊन शहराकडे धावत असतात. कोणी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो, कोणी शेंद्र्याला, कोणी त्याहून लांब वाळूजला. काहींना काम आहे. काही जण कामाच्या शोधात आहेत. ज्यांना काम नाही आणि ज्यांना घरच्या दोन-तीन एकरांत वर्षभर पुरेल इतके काम नाही, असे तरुण फुलंब्रीसारख्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

या तरुणांना काम मिळावे म्हणून शासन अनेक मार्गांनी प्रयत्न करीत आले आहे. रस्ते, वीज, पाणी, औद्योगिक वसाहती हे मार्ग वाचकांच्या परिचयाचे आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत एका निराळ्या मार्गाची चर्चा वाढली आहे. तो म्हणजे कामगाराच्या वेतनाचा काही भाग, किंवा काही काळापुरते सर्व वेतन, शासनाने सोसणे. अर्थशास्त्रात याला वेतन-अनुदान म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्र शासनाने १ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आणलेली प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना या दोन्ही योजनांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. ही कल्पना कशी चालते, तिचा लाभ केव्हा होतो आणि पैसा केव्हा गळून जातो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मालक माणूस का घेत नाही?

कल्पनेचा गाभा समजावयास सोपा आहे. समजा, एखाद्या सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात वीस माणसे काम करतात. मालकाकडे फुलंब्रीचा एक तरुण येतो. त्याने बारावी केली आहे, हात चलाख आहेत. पण यंत्रावर काम केलेले नाही. त्याला ठेवले तर महिन्याला बारा हजार रुपये द्यावे लागतील. पहिले चार-सहा महिने तो शिकत राहणार, काही माल बिघडवणार, शिवाय जुन्या कारागिराचा वेळही घेणार. या काळात त्याच्या हातून होणाऱ्या कामाची किंमत सात-आठ हजारांच्या वर जात नाही. उरलेले चार हजार मालकाच्या खिशातून जातात. बरे, शिकून तयार झाल्यावर तो तेथेच राहील याचीही खात्री नसते. शेजारचा कारखानदार हजार रुपये जास्त देऊन त्याला उचलू शकतो. म्हणून मालक ‘अनुभवी पाहिजे’ अशी पाटी लावतो. आणि अनुभव तर कोणीतरी पहिल्यांदा कामावर घेतल्याखेरीज येत नाही. नव्या तरुणाची खरी अडचण हीच आहे.

शासनाने ते चार हजार सोसले तर मालकाचे गणित जुळते. तरुणाच्या हाती पूर्ण वेतन पडते, मालकाला मात्र तो स्वस्त पडतो. थोडक्यात, बेकारी ही श्रमाची किंमत मालकाला परवडत नसल्यामुळे असेल, तर कामगाराचे वेतन न घटविता मालकाचा खर्च घटविणे, असा हा उपाय आहे.

ही कल्पना नवी नाही. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३६ साली, जागतिक मंदीच्या काळात, बेकारीवरील उपाय म्हणून वेतन-अनुदानाचा पुरस्कार केला होता. विकसनशील देशांच्या संदर्भात मात्र हा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो. कारण आपल्याकडे बेकार माणूस केवळ शहरात नसतो. तो गावातही असतो आणि शहरात काम मिळण्याची आशा दिसली की गावातून उठून शहरात येतो. जॉन हॅरिस व मायकेल टोडारो या दोन अभ्यासकांनी १९७० साली हाच मुद्दा मांडला. शहरात अनुदानाने नव्या नोकऱ्या निर्माण केल्या, तर त्या आशेने गावातून येणारी माणसे त्या नोकऱ्यांपेक्षा जास्त असू शकतात आणि शहरातील बेकारी घटण्याऐवजी वाढू शकते. यावर आपल्या देशातील दोन अर्थशास्त्रज्ञ, जगदीश भगवती व टी. एन. श्रीनिवासन यांनी १९७४ साली उत्तर सुचविले. ते असे की, अनुदान केवळ शहरी उद्योगाला न देता शेतीतील श्रमालाही द्यावे, म्हणजे गाव सोडण्याची ओढ अकारण वाढणार नाही.

फुलंब्रीच्या रस्त्यावरची सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

यंत्राला सवलत, हाताला नाही

आपल्या राज्याने उद्योगधंदे मागास भागात न्यावेत म्हणून १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्यास विक्रीकरातील व अन्य सवलती मिळू लागल्या. मराठवाड्यात उद्योग आले त्यामागे या योजनेचा वाटा मोठा आहे. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला व त्यापाठोपाठ सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान उद्योग आले. ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे. तरी एक बाब नोंदविली पाहिजे. अशा सवलती बहुतांशी गुंतवणुकीच्या आकारावर बेतलेल्या असतात. जो जास्त भांडवल घालतो त्याला जास्त सवलत. त्यामुळे यंत्र स्वस्त होते, माणूस मात्र पूर्वीइतकाच महाग राहतो. ज्या देशात हात भरपूर आणि भांडवल अपुरे, तेथे हे थोडे उलटेच म्हणावयाचे. वेतन-अनुदानाचे पुरस्कर्ते नेमके याच गोष्टीकडे बोट दाखवितात.

गावातील मजुरी : रोजगार हमीचा वारसा

वेतन-अनुदान हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने ग्रामीण मजुरीचा भार उचलला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, १९६५ च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला. मागेल त्याला काम, आणि तेही जमीन सुधारणारे काम, हे त्याचे सूत्र होते. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. खडी केंद्र, सुकडी, नालाबांध हे शब्द त्यांच्या तोंडी आजही आहेत. मराठवाड्यात तर त्या वर्षी गावेच्या गावे कामांवर होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती.

या अनुभवातून रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. योजनेसाठी पैसा कोठून आणावयाचा, याचे उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून, म्हणजे प्रामुख्याने शहरांतून, हा कर गोळा होऊ लागला आणि तेवढीच भर शासनाने घालावयाची असे ठरले. आरंभी या कराची घटनात्मक मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. पगारपत्रकातून दरमहा कापल्या जाणाऱ्या त्या रकमेबद्दल आपण कार्यालयात कुरकुर करतो. ती कोणाच्या मजुरीसाठी सुरू झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

काटेकोरपणे पाहिले तर रोजगार हमी हे वेतन-अनुदान नव्हे. तेथे शासनच मालक असते. ते खाजगी मालकाला माणूस घेण्यासाठी पैसे देत नाही. पण १९९० च्या सुमारास या योजनेने एक वळण घेतले. फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात खड्डे खोदणे, रोपे लावणे, आळी करणे या कामांची मजुरी शासन देऊ लागले. मजूर कोणाच्या शेतात राबतो? खाजगी. मजुरी कोण देतो? शासन. मागे काय राहते? झाड. हे तर शुद्ध वेतन-अनुदानच झाले, फक्त त्याला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. महाराष्ट्रातील फळबागांखालील क्षेत्र त्यानंतरच्या काळात ज्या वेगाने वाढले, त्यात या निर्णयाचा वाटा सर्वमान्य आहे.

योजनेला मर्यादाही होत्या. १९८८ साली किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याप्रमाणे हमीची मजुरीही वाढली. अपेक्षा अशी होती की कामावर येणारांची संख्या वाढेल. प्रत्यक्षात हजेरी घटली. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की, खर्च वाढल्यामुळे कामे काढण्यात हात आखडता घेतला गेला. हमी कागदावर तीच राहिली, पण काम मिळणे अवघड झाले. अनुदानाची रक्कम आणि अनुदान मिळणाऱ्यांची संख्या यांची सांगड निधीशी घालावीच लागते, हा धडा तेथे मिळाला.

पुढे केंद्राने २००५ साली राष्ट्रीय कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे बारा जिल्हे घेतले गेले त्यांत तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हाही होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे थांबविण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला हंगामात मजूर मिळत नाहीत ही तक्रार फुलंब्रीच्या बाजारातही ऐकू येते. त्याच दिवसांत मजुराला चार पैसे अधिक मागण्याची संधी असते, हेही तितकेच खरे आहे.

सुशिक्षितांसाठी : १९७४ ते २०२४

खडी फोडण्याचे काम पदवीधराला देता येत नाही, निदान तो ते मागत नाही. म्हणून १९७४ साली राज्य शासनाने सुशिक्षित बेकारांसाठी रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम हाती घेतला. उमेदवाराला आस्थापनेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि त्या काळात शासनाकडून विद्यावेतन, असे त्याचे स्वरूप होते. बरोबर पन्नास वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये निघालेल्या शासन निर्णयाने हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर आली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारांना बारावी उत्तीर्ण असल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात देण्याचे ठरले. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती. २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवून एकूण अकरा महिने करण्यात आली.

या योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनापोटी मालकाला काहीच द्यावे लागत नाही. वरील उदाहरणातील कारखानदाराचा केवळ चार हजारांचा तोटा शासन भरून काढत नाही. सर्वच भार उचलते. उमेदवाराच्या दृष्टीने हे उदार आहे. अनुदान जितके मोठे तितकी मालकाची तयारीही मोठी. मात्र अनुदान संपले की त्याच्यासमोरची उडीही तितकीच मोठी असते. शून्यावरून एकदम बारा हजार. ज्या मालकाने आधीपासून निम्मे वेतन स्वतः दिले आहे, त्याला ही उडी लहान पडते.

दुसरी अडचण ग्रामीण तालुक्यांची आहे. २०२४ च्या मूळ निर्णयात खाजगी उद्योगासाठी किमान वीस कामगारांची अट होती. फुलंब्रीत एखादी जिनिंग फॅक्टरी, एखादी मोठी शिक्षणसंस्था वा पतसंस्था सोडली, तर एकाच ठिकाणी वीस माणसे कामाला असलेली आस्थापना कितीशी सापडणार? दुकाने आहेत, गॅरेज आहेत, कृषी सेवा केंद्रे आहेत. तेथे दोन-चार माणसे असतात. साहजिकच अशा ठिकाणच्या उमेदवारांची पावले शासकीय कार्यालयांकडे वळतात.

काही दिवसांपूर्वी कामानिमित्त एका तालुक्याच्या कार्यालयात बसलो असता असाच एक पदवीधर भेटला. आवक-जावक नोंदवही, संगणकावरील टंकलेखन, दाखल्यांच्या अर्जांची छाननी ही सर्व कामे तो सफाईने करीत होता. कार्यालयातील जुने लिपिकही अडले की त्याच्याकडेच वळत. निघताना त्याने विचारले, “साहेब, अकरा महिने तर झाले. आता पुढं काय?”

या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. शासकीय पद स्पर्धा परीक्षेने आणि आरक्षणाच्या नियमांनी भरले जाते. प्रशिक्षणार्थीला तेथे सामावून घेण्याचा मार्ग मुळातच नसतो. कारखानदाराला उमेदवार आवडला तर तो त्याला ठेवून घेऊ शकतो. कार्यालयप्रमुखाला कितीही आवडला तरी त्याच्या हातात काही नसते. म्हणजे ज्या ठिकाणी नोकरीत रूपांतर होण्याची शक्यता सर्वांत कमी, तेथेच अनुदान जाऊन बसते. राज्याच्या निरनिराळ्या भागांत या प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने केली, त्यामागचे कारण येथे आहे. त्या मुलाने शिकलेले काम खोटे नव्हते. पण त्या कामाला बाजारात गिऱ्हाईक शोधण्याची व्यवस्था योजनेच्या आखणीतच हवी होती, असे मला वाटते.

पैसा कोठे गळतो?

वेतन-अनुदानाच्या गळतीच्या वाटा तीन. पहिली, ज्या माणसाला मालक तसाही घेणारच होता, त्याच्यासाठी अनुदान दिले जाणे. येथे नवा रोजगार होत नाही. फक्त मालकाचा नफा वाढतो. दुसरी, जुना माणूस काढून त्या जागी अनुदानाचा नवा माणूस घेणे. येथे एकाची चूल पेटते तर दुसऱ्याची विझते. तिसरी, अनुदान असेतोवर ठेवणे, संपताच काढणे आणि पुन्हा नवा घेणे.

अन्य विकसनशील देशांतील अनुभव या बाबतीत बोलके आहेत. जॉर्डनमध्ये २०१० च्या सुमारास नुकत्याच शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणींना सहा महिन्यांची वेतनपत्रे देण्यात आली. त्यांना कामावर घेणाऱ्या मालकाला किमान वेतनाइतकी रक्कम दरमहा मिळे. जोवर पत्रांची मुदत होती तोवर त्यांच्या रोजगाराचे प्रमाण फार वाढले. मुदत संपली आणि जवळजवळ सर्व वाढ ओसरली. श्रीलंकेत अगदी लहान व्यावसायिकांना एक माणूस कामावर घेण्यासाठी काही महिने वेतनाचा वाटा देण्यात आला. तेथेही अनुदानाच्या काळात माणसे घेतली गेली; नंतर टिकाऊ परिणाम दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेने १ जानेवारी २०१४ पासून १८ ते २९ वयोगटातील तरुणांना कामावर घेणाऱ्या मालकांना करात सवलत दिली. ती पहिल्या बारा महिन्यांत पूर्ण व पुढील बारा महिन्यांत निम्मी, अशी उतरती ठेवण्यात आली. अमेरिकेतील डेटन शहरात १९८० च्या दशकारंभी तर विपरीतच घडले. ज्या गरजूंच्या हाती अनुदानाची पत्रे होती त्यांना इतरांपेक्षा कमी नोकऱ्या मिळाल्या. ‘शासनाला पैसे देऊन खपवावा लागतो, तो माणूस कसला?’ अशी शंका मालकांच्या मनात आली असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला.

यावरून वेतन-अनुदान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नुसते वेतन स्वस्त केल्याने नोकरी टिकत नाही, एवढे मात्र निश्चित दिसते. अनुदानाच्या काळात तरुणाच्या हातात काही कसब आले, किंवा मालकाला त्याच्याविषयी खात्री पटली, तरच अनुदान संपल्यावर काही उरते.

टिकला तर हप्ता

केंद्राच्या २०२५ च्या योजनेत या अनुभवांचा काही अंश उतरलेला दिसतो. तीपूर्वी २०१६ च्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत आणि २०२० च्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत नव्या कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीचा भार केंद्राने उचलला होता. नव्या योजनेसाठी ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद असून १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्या तिला पात्र आहेत.

तिचे दोन भाग आहेत. पहिल्यांदाच भविष्य निर्वाह निधीत येणाऱ्या कामगाराला एका महिन्याचे वेतन, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने काम केल्यावर आणि दुसरा बारा महिने पूर्ण झाल्यावर. मालकाला प्रत्येक जादा कामगारामागे वेतनानुसार दरमहा कमाल ३,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन वर्षे मिळते. वस्तुनिर्माण उद्योगांना ती तिसऱ्या व चौथ्या वर्षीही मिळू शकते. मात्र ‘जादा’ या शब्दाला येथे अर्थ आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि त्याहून मोठ्या आस्थापनेने किमान पाच माणसे पूर्वीच्या संख्येवर वाढविली पाहिजेत व ती सहा महिने टिकली पाहिजेत. जुना काढून नवा घेतला तर संख्या वाढत नाही, आणि अनुदानही मिळत नाही.

आकड्यांत पाहू. चिकलठाण्याच्या एखाद्या कारखान्याने फुलंब्रीचा तरुण घेतला आणि निधीस पात्र असे त्याचे वेतन १८,००० रुपये आहे असे समजू. १०,००० ते २०,००० रुपयांच्या गटासाठी मालकाला दरमहा २,००० रुपये मिळतात. म्हणजे वेतनाचा नववा हिस्सा. चार वर्षांत हा आकडा ९६,००० रुपयांवर जातो. आठ-नवमांश भार मालकाने स्वतःच सोसावयाचा असल्यामुळे ज्याची मुळीच गरज नाही असा माणूस तो केवळ अनुदानासाठी घेणार नाही. उलट बाजूही आहे. नवव्या हिश्शाने कोणाचे मन वळेल? ज्याचे गणित थोडक्यात अडले आहे त्याचेच. अगदी अननुभवी, दूरच्या गावातील, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला घेण्यास ही रक्कम बहुधा पुरी पडणार नाही. त्याच्यासाठी राज्याच्या योजनेसारखे मोठे, पण थोड्या काळाचे व उतरत्या क्रमाचे साहाय्य हवे. दोन्ही योजना एकामागून एक लागू होतील अशी आखणी झाली तर अधिक बरे.

‘टिकला तर हप्ता’ हे तत्त्व आपल्या शेतकऱ्यांना नवे नाही. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागून मिळते, आणि पुढचे हप्ते किती झाडे जगली यावर अवलंबून असतात. खड्डे खोदून रोपे लावली एवढ्याने सर्व रक्कम हातात पडत नाही. जो नियम मोसंबीच्या कलमाला लावला, तोच माणसाच्या नोकरीला लावण्यास हरकत कोणती?

शहराच्या नोकरीचे हे अनुदान फुलंब्रीच्या बहुसंख्य कुटुंबांपर्यंत थेट पोहोचत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्या आस्थापना भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेत येतात त्यांच्यापुरतेच ते आहे. शेतमजूर, गॅरेजमधील पोऱ्या, आल्याच्या काढणीला जाणाऱ्या बायका यांची नावे कोणत्याच निधीच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी हमीची कामे, वैयक्तिक सिंचन विहीर आणि फळबाग हाच आजही वेतन-अनुदानाचा अवतार आहे. विहिरीसाठीच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये ४ लाख रुपये आणि पुढे ५ लाख रुपये करण्यात आली. विहिरीला पाणी लागले तर शेतकरी दुसरे पीक घेतो आणि त्या दुसऱ्या पिकाला खुरपणीसाठी, काढणीसाठी पुन्हा मजूर लागतात. या मजुरीला मग शासनाचा पैसा लागत नाही. भगवती व श्रीनिवासन यांनी शहर आणि गाव दोहोंकडे अनुदान द्यावे असे म्हटले होते, त्याचे गावाकडचे टोक हे आहे.

शहराच्या टोकाला जाणाऱ्या तरुणांनी मात्र एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. केंद्राच्या योजनेची रक्कम भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवरून ठरते. प्रत्येक कामगाराला त्यासाठी एक कायम क्रमांक मिळतो. तो उमंग या मोबाइल ॲपवर चेहऱ्याच्या ओळखीने काढता येतो. कामावर रुजू झाल्यावर आपला हा क्रमांक निघाला आहे काय, तो आधारशी व बँक खात्याशी जोडला आहे काय आणि मालक दरमहा वर्गणी भरतो काय, हे पहिल्याच महिन्यात पाहून घ्यावे. कित्येक ठिकाणी कामगार ठेकेदारामार्फत घेतले जातात आणि वर्गणीची नोंद भलत्याच नावावर किंवा मुळीच नसते. अशा वेळी सहा महिने घाम गाळूनही पहिला हप्ता येत नाही. वर्गणीची रक्कम जमा झाली की नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश येतो. दोन महिने उलटूनही तो आला नाही, तर पगाराच्या चिठ्ठीसह भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे तक्रार करता येते.